जेसीसाठी मागवलेला चाप

साल होतं एकोणीसशे ब्याऐंशी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडच्या त्या मुलखात पाऊस असा रुसला, की आजही तिथल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारतात, "तुझी धाकटी दुष्काळातली ना गं?"

नोरीन प्रुएट तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. नवरा लिंडसे तिच्याहून मोठा. त्याच्या बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजून वाकडे झाले होते. चहाचा कप तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा. पण सगळ्यात जास्त त्याला छळत होती ती बापाची रायफल. जुनी मॉझर, लष्करी घडणीची. तिचा चाप एवढा जड, की लिंडसेच्या बोटाने तो ओढलाच जाईना. त्या हिवाळ्यात एका मरणाला टेकलेल्या मेंढीवर त्याने दोन बोटं लावून चाप ओढला, नेम हलला आणि गोळी तिच्या जबड्याला लागली. त्या रात्री तो जेवला नाही.

आणि जेसी तर अजून उभी होती. त्याची घोडी. शिंगरू असताना त्यानेच तिला माणसाळवलं होतं. आता तिचे दात गेले होते, गवत चावता येत नव्हतं, बरगड्या वर आल्या होत्या. तिला असं झिजत ठेवणं पाप, हे त्यालाही कळत होतं. पण त्या मुलखात एक रीत होती, कुणी न शिकवता प्रत्येकाला ठाऊक असलेली. आपलं घोडं, आपलं कुत्रं आपल्याच हाताने संपवायचं. ते काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही.

"मी करते ना," नोरीन एकदा म्हणाली. "कोंबड्यांच्या माना मीच मुरगळते."

"जेसी कोंबडी नाही."

"मग शेजारच्या डार्सीला सांग."

"डार्सी गुरं घेऊन रस्त्याला लागलाय, चारा शोधत. आपली छोटी रायफल घेऊन गेलाय तो. आणि तो इथे असता तरी नाही. ती माझी आहे."

म्हणून त्याने सिडनीहून नवा चाप मागवला. हलका, नुसतं बोट टेकलं की सुटणारा. तो यायला कितीतरी आठवडे लागले. तोवर तो रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून जेसीला भिजवलेला कोंडा भरवायचा. "थांब गं बाई थोडं," म्हणायचा, जणू गाडीला उशीर झालाय.

चाप आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं पोतं अंथरून लिंडसे कामाला लागला. जुना चाप काढताना त्याची गंजलेली खीळ मोडली. नवा चाप लाकडात बसेना, तर नोरीनने त्याच्यासाठी लाकूड तासून दिलं. अखेर बसला. रिकाम्या रायफलीचा, गोळी आत सरकवणारा बोल्ट लिंडसेने पुढे ढकलला, त्याचा दांडा खाली दाबला, आणि खट्! चापाला हातही न लावता गोळी उडवणारा आतला काटा सुटला. पुन्हा केलं. पुन्हा खट्.

शहरात ओटो म्हणून बंदुका दुरुस्त करणारा जर्मन होता. लिंडसेने त्याला फोन लावला. ओटो इतका ओरडून बोलायचा, की नोरीनला सगळं चुलीपाशी ऐकू येत होतं.

"मला एवढंच सांग, तुझा बोल्ट जड कधी जातो? उघडताना की बंद करताना?"

"बंद करताना. बापाच्या वेळेपासून."

"मग चुकलास. हा चाप नंतरच्या घडणीचा. तुझी त्याच्या आधीची. आतली पकड जुळत नाही."

"त्यांच्या जाहिरातीत मॉझर होतं, मी मॉझर लिहिलं. मॉझर म्हणजे मॉझर!"

"हो, आणि टोपी म्हणजे टोपी. माझी घालून बघ, नाकापर्यंत येईल. जुना चाप परत बसव."

"खीळ मोडली."

"वा! म्हातारी रायफल आणि म्हातारा तू. ऐक, बरोबर मापाचा मी मागवतो. महिना जाईल. तोवर तिच्यात गोळी भरू नकोस. शपथ घे."

लिंडसेने फोन ठेवला. शपथ घेतली नाही.

पुढच्याच आठवड्यात सकाळी जेसी तळ्यावर गेली. तळं कसलं, मधोमध उरलेलं डबकं आणि भोवती चिखल. पाण्याच्या ओढीने ती आत गेली आणि पोटापर्यंत रुतली. नोरीनने गाडीला दोर बांधून ओढून पाहिलं. जेसी किंचाळली, मागचा पाय आत कुठेतरी मोडला होता. नोरीनने दोर सोडला. एवढ्यात कावळे आले. पडल्या जनावराचे कावळे आधी डोळे काढतात, हे तिकडे पोराटोरांनाही माहीत असतं. एक तर जेसीच्या मानेवर येऊन बसलाच.

लिंडसे घरातून रायफल घेऊन आला.

"ओटो काय म्हणाला ते—"

"माहीत आहे काय म्हणाला."

त्याने एक गोळी घातली, नळी जेसीच्या कपाळाकडे धरली आणि बोल्ट ढकलला. जड बोल्ट, मोडकी बोटं. तळहाताने रेटावं लागलं. नळी फिरली आणि दांडा खाली बसताच गोळी सुटून चिखलात गेली. जेसीने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, हा आला म्हणजे आता काहीतरी होईल.

तो तसाच उभा राहिला. एवढा उंच पुरुष, चिखलात गुडघाभर, आणि हातात कसलाच जोर नाही. नोरीनला त्याच्याकडे बघवेना. तिने कमरेचा एप्रन झटकून कावळा उडवला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली. "नेम तुझा. बोल्ट मी लावते."

"नको, नोरीन."

"मग सांग दुसरं काय करायचं."

त्याने दस्ता खांद्यात रोवला, नळी घोडीच्या कपाळाजवळ नेली आणि काहीतरी पुटपुटला, ते जेसीसाठी होतं. नोरीनने दुसरी गोळी घालून बोल्ट पुढे ढकलला. दांड्यावर तिचा हात थांबला.

"कर," तो म्हणाला.

तिने दांडा खाली दाबला.

दुपारी तिने थंड मटण आणि पाव वाढला, तो पावाचे तुकडे करत बसला. "कुणी मारलं तिला, मी की तू?" एवढंच त्याने विचारलं. नोरीन म्हणाली, "चहा घे." तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये पाऊस आला आणि तळं भरलं. डार्सी निम्मी गुरं गमावून परतला, छोटी रायफल तेल लावून परत दिली आणि नंतर जमीन विकून मुलीकडे किनाऱ्यावर राहायला गेला. ओटोने मागवलेला चाप आला तो अगदी नेमका बसला. ओटो स्वतः येऊन बसवून गेला. त्याच्या दुकानाच्या जागी आता केस कापायचं दुकान आहे. लिंडसे त्यानंतर सात वर्षं जगला. घोडा पुन्हा पाळला नाही, आणि तो हलका चाप त्याने एकदाही ओढून पाहिला नाही. रायफल भाच्याकडे गेली. तो म्हणतो, चाप काय लोण्यासारखा आहे! नोरीन शहरात दोन खोल्यांत राहते. तिची बोटंही आता वाकायला लागली आहेत. चहाचा कप ती ओंजळीत धरते.