जावांची तोंडी परीक्षा

थोरली आणि धाकटी, या दोन जावांमधून वर्षभर विस्तव जात नव्हता. एकच घर, एकच ओटा, पण बोलणं सगळं सासूबाईंच्या मार्फत. "आई, ताईंना सांगा, दूध उतू जातंय!" धाकटी ओरडायची. सासूबाई सांगेपर्यंत दूध शेगडीवर सांडलेलं असायचं.

त्यात नशिबाची थट्टा बघा, संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात दोघी एकत्र. आडनाव एक, म्हणून हजेरीत नंबरही शेजारी-शेजारी. अंतिम परीक्षेचा तोंडी भाग जोडीनं द्यायचा होता आणि बाईंनी जोड्या हजेरीप्रमाणे लावल्या. वर हसून म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, घरच्या घरी सराव!" थोरलीचं तोंड कडू झालं. पण पास झाली तरच तिची हॉटेलच्या काउंटरवरची रात्रपाळी सुटून इंग्रजी लागणारी दिवसपाळी मिळणार होती, आणि जोडीदाराशी बोललं नाही तर दोघी नापास. करते काय!

रविवारी दुपारी दूध तापत ठेवून दोघी टेबलाशी व्याकरणाच्या उजळणीला बसल्या. काळ झाले, कर्मणी प्रयोग झाला. सगळं इंग्रजीतच, त्यामुळे अबोला मोडला असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. मग 'असं झालं असतं तर'ची वाक्यं आली.

धाकटी खिडकीकडे बघत इंग्रजीत म्हणाली, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही भेटायला आला असतात, तर मी बोलणं टाकलं नसतं."

"वाक्य बरोबर आहे," थोरली इंग्रजीतच म्हणून गेली. मग तिच्या ध्यानात आलं. अगं बाई, हे उदाहरण नव्हतं!

मराठीत तिला ते मेलं तरी सांगता आलं नसतं. इंग्रजीत अडखळत, शब्द शोधत ती बोलली. आले होते मी. जिन्यापर्यंत आले. माझी आई त्याच वॉर्डात वारली होती, तिथे पाऊलच उचलेना. पायरीवर बसून रडले आणि परत फिरले. लाज वाटली, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

एवढ्याशा बोलण्यात ढीगभर चुका. एरवी साध्या चुकीवरही नाक मुरडणाऱ्या धाकटीनं आज एकही काढली नाही. तिचे डोळे भरून आले होते. थोरलीला वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शेगडीवर फसफसलं.

"ताई, दूध!" धाकटी ओरडली, चक्क मराठीत, आणि दोघी एकदमच धावल्या.

दारात सासूबाई डोळे पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुटले गं बाई एकदाची या निरोप पोचवायच्या नोकरीतून!"