मागचं उजवं मडगार्ड

आमच्या ह्यांना पत्रा ऐकू येतो, असं सगळे म्हणत. गाडी आली की हे तिच्याभोवती एक फेरी मारत आणि मग बोटाच्या पेरानं टकटक करत पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जात. आतल्या काळ्या डांबरी लेपाखाली लोखंड शाबूत आहे की गंजानं खाल्लंय, हे दुसरे मिस्त्री लेप खरवडून बघतात. हे नुसते ऐकत. चांगला पत्रा टण्ण वाजतो. कुजलेला थप्प म्हणतो आणि गप्प बसतो. जिथं थप्प तिथं खडूची फुली, आणि फुली पडली की तेवढा भाग कापून नवा घालायचा.

रंगाचं मी बघते. पस्तीस वर्षं एकाच शेडमध्ये. पत्रा त्यांचा, रंग माझा, भांडण दोघांचं.

दोन वर्षांपासून ह्यांना एक नवंच खूळ लागलं होतं. टकटक करायची वेळ झाली की हाक मारायचे, "अगं, ये ना जरा. समोर उभी राहा. तू दिसलीस की हात चालतो." साठीला टेकलेल्या बाईला नवरा असं म्हणाला की ती काय करणार? "मला कामं नाहीत का?" असं म्हणून घ्यायचं आणि जाऊन उभं राहायचं. मी उभी राहायची. छपराच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे ठिपके खाली पडतात आणि दिवसभर गाड्यांवरून सरकत राहतात. हवेत घासकामाची धूळ तरंगत असते. तिकडून हे टकटक करत यायचे, मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायचे, हसायचे, पुढे जायचे. मला वाटायचं, हे दुपारचं सुख कुणाला सांगूही नये. दृष्ट लागेल.

नर्सबाईंची गाडी आमच्याकडे आली ती अशाच दिवसांत. सायीच्या रंगाची, गुबगुबीत मडगार्डांची, आता कुठे बघायलाही न मिळणारी गाडी. नर्सबाई बाळंतपणं करायच्या आणि चाळीस वर्षं ह्याच गाडीतून अडलेल्या बायकांकडे धावायच्या. दार उघडलं की आतून अजून औषधाचा वास यायचा. दुपारी जेवण झालं की मी तिच्या मागच्या सीटवर जाऊन पडायची. डोळा लागला की गाडी आपोआप चालायला लागायची, बाहेर कुठले तरी ओले रस्ते जायचे, आणि पुढे कुणीतरी म्हणायचं, पोचलो, पोचलो. जाग आली की गाडी चार ठोकळ्यांवर उभी, चाकं काढलेली.

गाडी देताना नर्सबाईंनी एकच बजावलं होतं. "मिस्त्री, कुजलेलं काढा, पण चांगलं असेल त्याला हात लावू नका. सगळा नवा पत्रा घातलात तर ती तुमची गाडी होईल, माझी नाही."

"बाई, चांगल्या लोखंडाला मी सुरी लावत नाही," हे म्हणाले. खरंच होतं ते. उभ्या जन्मात लावली नव्हती.

मग सोमवारी लेकीचा फोन आला. लग्नाला आठ वर्षं झालेली, दोघांनी आशा सोडलेली, आणि आता चौथा महिना. मी फोन ठेवला आणि तशीच धावत शेडमध्ये गेले. हे पाठमोरे बसून कानशीनं दाराची कड घासत होते. मी मागून म्हणाले, "अहो, ऐकलंत का? तुम्ही आजोबा होणार!"

माझी सावली त्या दारावर पडली, तसे हे न वळता म्हणाले, "ठेव तिथे."

ठेव तिथे! जसा मी चहाच आणला होता. माझ्या नाकावरचा राग तसाही जागाच असतो, त्या दिवशी तर तो पार डोक्यात गेला. म्हटलं, आता स्वतःहून विचारेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही. सोमवार गेला. मंगळवार गेला. जेवायला वाढलं, ताट जरा जोरातच ठेवलं, पण तोंड उघडलं नाही. हेही काही विचारेनात. नुसते माझ्याकडे बघायचे, बावचळल्यासारखे.

बुधवारी मागच्या उजव्या मडगार्डाची पाळी आली. "समोर उभी राहा ना," हे म्हणाले. मी गेले, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

ह्यांनी टकटक केलं. मडगार्ड टण्ण वाजलं. इतकं स्वच्छ वाजलं की आवाज छपरापर्यंत गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा पाहिलं. मग खडू काढला आणि मोठी फुली मारली.

मला ते दिसलं. पस्तीस वर्षं ऐकून ऐकून माझेही कान तयार झालेत. मडगार्ड ठणठणीत होतं हे मला पक्कं कळलं होतं. पण सांगायचं तर अबोला मोडावा लागला असता, आणि अबोला मी का मोडावा? शिवाय मनात आलं, मिस्त्री हे आहेत, ह्यांना काहीतरी बारीक ऐकू आलं असेल. मी मूग गिळून बसले. ह्यांनी ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, आणि कापलेला तुकडा फरशीवर पडला. पडतानाही तो टण्ण वाजला.

ह्यांनी तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. कापलेली कड चांदीसारखी लखलखत होती. गंजाचा कण नाही. हे कितीतरी वेळ ती कड बघत राहिले. मग मान वर केली, तर चेहरा राखेसारखा झालेला.

"तुझ्या तोंडावर तर खराब होता ना गं हा," हे म्हणाले.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी समोर यावं म्हणून नव्हतेच बोलवत हे. माझं तोंड दिसावं म्हणून बोलवत होते. पत्र्याचा आवाज मी ऐकायची आणि हे तो माझ्या चेहऱ्यावरून वाचायचे.

हे रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले. "पहिल्यांदा पाखरं गेली," हे म्हणाले. "मग फोनची घंटी. मग एक दिवस पत्रा. वाजवला तर नुसता बोटाला लागला. तू समोर होतीस. तुझी भुवई वर गेली, म्हणजे चांगला. ओठ आत गेले, म्हणजे गेला कामातून. तू कधी चुकली नाहीस बघ."

"आणि मला वाटलं प्रेम उतू चाललंय!" मी ओरडले. ओरडले म्हणून निदान काही तरी पोचलं असेल.

"ते पण होतंच की," हे म्हणाले.

माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना. दोन वर्षं माझ्यापासून लपवलं, म्हणून संताप आला होता. मी ऐकूनही गप्प बसले आणि चांगलं लोखंड कापू दिलं, म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. आणि सगळ्याच्या खाली, ह्यांची भयंकर कीव येत होती.

"दोन दिवस तोंड का वाकडं होतं तुझं?" ह्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द सांगितला. लेक. चौथा महिना. आजोबा.

ह्यांचे डोळे भरले. मग एकदम दचकून म्हणाले, "मी काय म्हणालो होतो तेव्हा?"

"ठेव तिथे."

हे हसायला लागले, मग मीही. त्या कापलेल्या तुकड्याला मध्ये ठेवून आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. पण हसू ओसरल्यावर हे म्हणाले, "ते पोर बोलायला लागेपर्यंत माझं सगळंच गेलेलं असेल."

नर्सबाईंना मीच फोन करून बोलावलं. झाकून ठेवण्यासारखं नव्हतं आणि ह्यांना झाकायचंही नव्हतं. बाई आल्या, वाकून कापलेली जागा पाहिली, तुकडा हातात घेऊन पाहिला. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, कानाचंसुद्धा. मी माझ्या अबोल्याचं सांगितलं. बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"तुकडा तोच आहे ना? मग टाके घाला," बाई म्हणाल्या. "कुजलेल्याला टाका धरत नाही. ह्याला धरेल."

त्या गेल्यावर ह्यांनी मला समोर उभं केलं. "नुसता चिकटवून वरून लांबीचा लगदा भरला आणि रंग मारला तर कुणाला कळणार नाही," हे म्हणाले. "पण मला सांधा वाजायला हवा. वाजला तर काम चालू ठेवेन, तुझ्या जिवावर. नाही वाजला तर हातोडी ठेवून देईन. आणि तू खोटं तोंड करायचं नाहीस. केलंस तर मला कळणार नाही, म्हणूनच करायचं नाहीस."

तीन दिवस लागले. एका वेळी बोटाच्या पेराएवढंच वेल्डिंगनं जोडायचं, ओलं फडकं ठेवून निववायचं, मग मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हलक्या हातानं ठोकायचं. पत्रा तापला की वाकतो, आणि वाकला की त्याचा आवाज बसतो. ह्यांचे हात मात्र अजून पंचविशीतले होते. मी ठोकळा धरून गाडीखाली पडलेली असायची आणि ठोक्याठोक्यानं डोळे मिटायचे. सांधा आणि झोप एकमेकांत मिसळून जायची, उन्हाचे ठिपके चेहऱ्यावरून जायचे, आणि कुणीतरी लहानसं पोर शेडभर धावतंय असं वाटायचं.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा थप्प आला. हे माझ्याकडे बघत होते, श्वास रोखून. देवाशपथ सांगते, हसू माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. एक भुवई उचलली असती की संपलं. माणूस सुखात राहिला असता, आणि पुढच्या वेळी कोण जाणे काय कापून बसला असता. मी ओठ आत घेतले. ह्यांनी मान डोलावली, सांधा उसवला आणि पुन्हा बसले. दुसऱ्यांदा निम्मा वाजला. मी निम्मंच तोंड केलं. ह्यांना तेही कळलं.

शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा वाजवलं.

टण्ण. सांध्यावरून आवाज असा गेला की जणू सांधा नव्हताच. मडगार्डातून दारात, दारातून छपरात, आणि मग कितीतरी वेळ शेडमध्ये नुसता राहिला. मला इतका आनंद झाला! आणि त्याच क्षणी मनात आलं, हे ह्यांनी केलं आणि ह्यांनाच ऐकू आलं नाही. पुढेही येणार नाही. हा आवाजही नाही, त्या बाळाचं रडणंही नाही. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

हे बघत होते. चेहरा उतरला. ह्यांनी ग्राइंडर उचलला आणि सांध्यावर टेकवला.

मी नको नको म्हणून हात हलवले, रडता रडता हसले, भुवई वर करायला गेले तर ओठ थरथरायला लागले. बोलायला गेले तर त्या ओठांवरून ह्यांना एक शब्द वाचता येईना.

"अगं, रडतेस की हसतेस?" हे कळवळून म्हणाले. "मी काय धरू?"

मी भिंतीकडे धावले आणि ग्राइंडरची पिन उपटून काढली. हे बटण दाबत राहिले. मग वळून माझ्या हातातल्या वायरीकडे बघत उभे राहिले.

"वाजला?" ह्यांनी विचारलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी होकाराची मान हलवली.

ग्राइंडर खाली ठेवून ह्यांनी दोन्ही हात पँटला पुसले. "कसा वाजला?" हे म्हणाले. "सांग ना. सगळं सांग."

मी डोळे पुसले, त्यांच्या समोर उजेडात जाऊन उभी राहिले, आणि सांगायला लागले.