नाव घेते

"पुन्हा एकदा," यशोदा म्हणाली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहिली.

शकूने मान खाली घातली, डोक्यावर नसलेला पदर पुढे ओढला आणि एकेक शब्द जपून बाहेर काढला.

"समईच्या वातीला तेलाची धार... गंगाधररावांचं नाव घेते... सोडा आता दार."

यशोदा बाजूला झाली. शकू उंबरा ओलांडून गॅलरीत गेली, लगेच वळली आणि तिने हात पुढे केला. यशोदाने तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. तेरा वर्षांच्या मुलीला अखेर बापाचं नाव आलं होतं. हसावं की रडावं ते यशोदाला कळेना, म्हणून ती उगाचच शेगडीला वारा घालत बसली.

शाळेच्या बाईंनी शकूला पहिल्याच वर्षी परत पाठवलं होतं. मुलगी गुणाची आहे, पण डोक्यात काही शिरत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गंगाधर गिरणीत गेला की लालबागच्या त्या खोलीत यशोदाच तिची शाळा भरवी. स्वतः यशोदा मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. मोजायला तिने चिंचोके आणले, तर पाचाच्या पुढचे चिंचोके शकू तोंडात टाकी. वेणी घालायला शिकायलाच एक पावसाळा गेला.

खरा घोर लागला तो गेल्या वर्षी. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चाळीखालून गेला आणि घोषणांच्या तालावर हात उडवत शकूही त्याच्यामागे गेली. संध्याकाळी गोळीबाराच्या बातम्या आल्या. पोर सापडली ती दुसऱ्या दिवशी, एका पोलीस चौकीच्या बाकावर. नाव विचारलं की 'शकू', त्यापुढे काही नाही. लालबाग-परळात शकू काय थोड्या होत्या? गंगाधर तिला खांद्यावर टाकून घरी घेऊन आला आणि म्हणाला, हिला गावी दादाकडे ठेवू. दादाकडे म्हणजे गोठ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत, बाहेरून कडी लावून. गावात अशा माणसांना तसंच ठेवत. यशोदाने त्याचे पाय धरले. शेवटी एवढं ठरलं, की शिमग्यानंतर दादा येईल तोवर परक्या माणसाला स्वतःचं आणि बापाचं नाव सांगता आलं, तर शकू इथेच राहील.

आडनाव बसलं. घोडं अडलं ते बापाच्या नावाशी. यशोदा ते उच्चारणार कशी? लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून उखाण्याबाहेर कधी पडलं नव्हतं. तुमचं नाव तुम्हीच शिकवा, असं तिने त्याला सांगून पाहिलं, पण पाळी करून आलेला गंगाधर भिंतीला टेकला की घोरायला लागे. शेजारच्या कमळाबाईंनी घसा बसेपर्यंत 'गंगाधर, गंगाधर' केलं. शकू शिके ती फक्त आईच्या तोंडाकडे बघून. दुसरं कुणी बोललं की ती खिडकीबाहेर बघे. मग स्वतः नवरी होऊन आली तेव्हा नणंदेने दार अडवलं होतं, त्या दिवशी घेतलेला उखाणा यशोदाने बाहेर काढला. आता तिला त्या युक्तीचं कौतुक वाटत होतं.

दादा, म्हणजे गंगाधरचा थोरला भाऊ बाबुराव, रविवारी दुपारी आला. शकूने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा परका माणूस म्हणून तोच चालणार होता. थोरल्या दिरासमोर यायचं नाही म्हणून यशोदा पदर घेऊन शेगडीशी पाठमोरी बसली.

"नाव काय गो तुझा?" बशीतला चहा फुंकत बाबुरावाने विचारलं.

"शकू."

"आडनाव?"

"परब."

यशोदाच्या हातातला पंखा थांबला.

"आणि बापाशीचा नाव?"

शकू उठली. मान खाली, पदर पुढे, आणि अख्खा उखाणा. शेवटी ती लाजलीसुद्धा, अगदी आईसारखी.

बाबुराव मोठ्याने हसला. मग भावाच्या तोंडाकडे बघून त्याने बशी खाली ठेवली.

"आलं की नाव," यशोदा भिंतीकडे बघत म्हणाली.

गंगाधर बराच वेळ मुलीकडे बघत राहिला. ती अंगाने भरली होती. ते त्याला आजच दिसलं असावं.

"चौकीत हे बोलली तर तिचा नवरा शोधतील," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि रस्त्यात बोलली, तर कोणीही पुढे होऊन सांगेल, मीच तो गंगाधर."

यशोदाने हा विचार केलाच नव्हता. ती उठली, दिरासमोर सरळ उभी राहिली आणि तिने शकूचे खांदे धरले.

"गंगाधर," ती म्हणाली. "नुसतं गंगाधर. म्हण बाय, गंगाधर."

शकू आईच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मग तिला हसू आलं. आईचं चुकलं होतं. तिने यशोदाचा घसरलेला पदर डोक्यावर नीट ओढून दिला आणि 'समईच्या वातीला'पासून सुरुवात करून दिली.

दिवेलागणीपर्यंत यशोदा ते नाव घेत राहिली. इतकी वर्षं जपलेलं ते नाव एका संध्याकाळी भाजीवालीच्या हाळीसारखं स्वस्त झालं, आणि उपयोग काहीच झाला नाही.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट होती. बाबुरावाने शकूच्या कपड्यांचं गाठोडं काखोटीला मारलं, गंगाधरने तिचा हात धरला. ते दाराशी आले तर यशोदा दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी. बाजूला हो, असं म्हणायला गंगाधरची जीभ रेटेना. बाबुराव आपल्या चपलांकडे बघत राहिला.

काय करायचं ते फक्त शकूला माहीत होतं. तिने बापाच्या हातातून हात सोडवला, मान खाली घातली, पदर पुढे ओढला. एकही शब्द चुकला नाही.

"...सोडा आता दार."

यशोदा बाजूला झाली. शकू उंबरा ओलांडून गेली, लगेच वळली आणि तिने गुळासाठी हात पुढे केला.