मोटरचा फोन

मयुरी जुलैत जळगावला आली, तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र तिनं पहिला आठवडाभर रिक्षातसुद्धा काढलं नाही. धुळ्याच्या कॉलेजनं शेवटच्या वर्षाच्या काही मुलांना वर्षभर कारखान्यात काम शिकायला पाठवलं होतं. तिच्या वाट्याला एमआयडीसीतला एक छोटा कारखाना आला. तिथं शेतातल्या पंपांचे स्टार्टर बनत. स्टार्टर म्हणजे विहिरीजवळच्या खांबावर असते ती पेटी, जिच्या बटनानं मोटर चालू-बंद होते.

पुस्तकात पाहिलेल्या गोष्टी इथं हातात घ्यायला मिळत होत्या. तिनं जोडलेल्या पहिल्या बोर्डवरचा हिरवा दिवा लागला, त्या दिवशी ती जेवायचीच विसरली. तिच्यासोबत आलेला चाळीसगावचा भूषण म्हणाला, दिवाच खाणार असशील तर तुझा डबा मी संपवतो. आणि खरंच संपवला. मयुरीच्या बोलण्यात मधूनच 'आहे'ऐवजी गावाकडचा 'शे' डोकावायचा, म्हणून तो तिला 'शे मॅडम' म्हणायचा. त्यामुळे ती कारखान्यात अगदी जपून, पुस्तकी मराठीत बोलू लागली होती.

दिवाळीनंतर अभिमन सरांनी तिला स्वतःचं असं काम दिलं. सर कारखान्याचे मुख्य इंजिनिअर, मूळचे सावद्याचे, कमी बोलणारे. त्यांना हवा होता बोलणारा स्टार्टर.

त्याची गरज काय, ते आधी समजून घेऊ. पंप पाणी उपसत असतो, तेव्हा तेच पाणी त्याला थंडही ठेवतं. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर तशीच फिरत राहिली, तर ती तापते आणि जळते. रिकामं पातेलं गॅसवर विसरलं की काय होतं, तुम्ही पाहिलं असेल; तसंच. म्हणून पाणी संपताच मोटर आपोआप थांबवणारे स्टार्टर पूर्वीच आले होते. मयुरीच्या स्टार्टरनं त्यापुढे जाऊन शेतकऱ्याला फोन करायचा होता. झऱ्यांनी विहीर पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो. तासाभरानं मोटर आपोआप सुरू व्हावी असं वाटलं तर शेतकऱ्यानं एक दाबायचा, बंदच ठेवायची तर दोन. शेतात हेलपाटा नको.

मयुरीनं जीव ओतून काम केलं. फोनवरचं वाक्यही तिनंच लिहिलं आणि एका छान आवाजाच्या बाईंकडून रेकॉर्ड करून घेतलं. 'नमस्कार. आपल्या विहिरीतील पाण्याची पातळी खालावल्यामुळे आपला पंप बंद करण्यात आला आहे.' ऐकताना तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

पाच शेतकऱ्यांकडे स्टार्टर बसवले. त्यांत एक होते तिचे मोठे काका झुलाल नाना. त्यांचं शेत धुळे तालुक्यात, तिच्याच गावी. मार्चमध्ये विहिरी आटू लागल्या, मोटरी वेळेवर थांबल्या, फोनही गेले. पण कोणीच एक किंवा दोन दाबेना. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन पाहावं तर मोटर बंद. मग कारखान्यात तक्रार यायची, तुमचं यंत्र बिघडलं.

अभिमन सरांनी तिला शांतपणे सांगितलं की एप्रिलअखेरीस नव्या मालाचं काम सुरू होईल. तोवर लोक फोन ऐकायला लागले तर ठीक, नाहीतर बोलणारा भाग काढून टाकू. मयुरीचं वर्षभराचं काम म्हणजे तोच तर भाग होता.

तिनं वायरी तपासल्या, सिमकार्डं बदलून पाहिली. सगळं ठीक होतं. शेवटी नानांनाच विचारावं म्हणून तिनं कारखान्याच्या फोनवरून नंबर लावला. समोर सर बसलेले, म्हणून सवयीनं सुरुवात केली, "नमस्कार, मी जळगावहून..."

फोन कट झाला.

तिनं पुन्हा लावला. "नमस्कार, आपण..." पुन्हा कट. पलीकडच्या टेबलावर भूषणला हसू आवरेना. तिसऱ्यांदा ती चिडूनच म्हणाली, "नाना, मी मयुरी बोली ऱ्हायनी."

"मंग तसं सांग ना माय," नाना म्हणाले. "माले वाटनं, ती कंपनीवाली बाई शे. तिले मी रोज बंद करस."

मयुरी खुर्चीतून उठलीच. मोटरचा फोन दर वेळी पोचत होता! पण फोनवर आधी आपण कोण ते सांगावं लागतं. दारावर थाप पडली तरी आतून आधी 'कोण?' असंच येतं. तिच्या मोटरनं पाण्याची खबर सांगितली, पण आपलं नाव सांगितलंच नव्हतं.

तिनं सरांना सांगितलं की मोटरनं 'मी' म्हणायला हवं, तेही गावाच्या बोलीत. सर म्हणाले, यंत्र कधी 'मी' म्हणतं का? शिवाय तुझ्या आवाजात बोलवलंस तर नाना पुतणीचा म्हणून फोन ऐकतील, मोटरचा म्हणून नाही. हे मात्र बरोबर होतं. मग तिनं वायरिंग विभागातल्या सुगंधाबाईंना गाठलं. त्या अमळनेरकडच्या, बोली तीच. पहिली काही रेकॉर्डिंग त्यांच्या हसण्यातच वाया गेली. भूषण म्हणाला, किती हॉर्सपॉवरच्या तुम्ही? त्यावर बाईंनी त्याला पकड दाखवली आणि मग एका दमात नीट बोलल्या.

सर एकच चाचणी घ्यायला तयार झाले. नानांना दिवस सांगायचा नाही, एवढीच अट.

एप्रिलमध्ये तिघं जीपनं गावी पोचले. नानांची मोटर सकाळपासून चालू होती, पण नाना घरी नव्हते. शेजारच्या लग्नात जेवायला गेले होते. भूषणला विहिरीवर थांबवून सर आणि मयुरी मांडवात गेले. बँड वाजत होता, वाढपी बट्ट्यांची घमेली घेऊन पळत होते. या गोंधळात फोन ऐकणार कोण, असं सर पुटपुटले. दूरच्या पंगतीत नाना बसले होते, उजवा हात वरणबट्टीत बुडालेला. त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून ती एका खांबाआड उभी राहिली.

तिचा फोन थरथरला. भूषणचा निरोप: मोटर थांबली.

लगेच नानांचा खिसा वाजला. त्यांनी डाव्या हातानं फोन काढला, अनोळखी नंबर पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि बँडच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. बोट लाल बटनावर तयारच होतं. तेवढ्यात बँड कडवं संपवून थांबला आणि सुगंधाबाईंचा खणखणीत आवाज मांडवभर झाला.

"राम राम. मी तुमनी मोटर बोली ऱ्हायनी. इहिरमा पानी सरनं, म्हनीसन मी थांबनी."

नानांचं बोट हवेतच राहिलं. "थांबा रे भो," ते वाढप्यांवर ओरडले, "मनी मोटर बोली ऱ्हायनी!"

पंगत थबकली. बँडवाला पुन्हा वाजवणार तोच कोणीतरी त्याचा हात धरला. मोटरनं एक आणि दोनचं विचारलं. नाना गंभीरपणे विचारात पडले, जणू घरचं माणूसच सल्ला विचारत होतं. शेजारचा म्हणाला, "नाना, तिलेबी जेवाले बलाय ले." हशा उसळला. नानांनी सावकाश, डाव्या अंगठ्यानं दोन दाबला.

खांबाआड मयुरीनं श्वास सोडला. भूषणचा निरोप आलाच: दोन पोचला, पिवळा दिवा लागला, शे मॅडम! तोवर पंगतीतली तीन-चार माणसं उष्ट्या हातांनीच नानांभोवती गोळा झाली होती. ही मोटर कुठं मिळते, असं विचारत होती. सरांनीही बट्टी खाल्ली, चक्क दोनदा वाढून घेतली.

परतीच्या वाटेवर सर जीप चालवत होते. मयुरीला काही विचारायचा धीर होईना. पारोळ्याजवळ तिचा फोन वाजला. नाना होते. तिनं स्पीकर लावला.

"मयुरी, इहिरमा पानी उनं. तरी मोटर काही फोन करत नही. रुसनी का व ती?"

मयुरी म्हणाली की त्यांनीच दोन दाबून तिला बंद ठेवलंय, आता बटन दाबून चालू करा.

"बटन ते मीबी दाबसू," नाना म्हणाले. "पन तिनी इचारं जोयजे ना."

फोन ठेवल्यावर भूषण हसत सुटला. सर मात्र रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे विहीर भरल्यावरही तिनं फोन करायला हवा. त्यासाठी पाण्याच्या पातळीचा वेगळा सेन्सर लागेल."

"सर, म्हणजे बोलणारा भाग..."

"जूनपर्यंत आहेस ना तू? सेन्सरचं काम उद्यापासून घे." सरांनी गिअर बदलला. "आणि सावद्याकडे तुझं हे 'शे' चालणार नाही. तिकडची मोटर आमच्या बोलीत बोलेल. आवाजाचं मी आईला विचारतो."