रणमाळावरची सुट्टी

ठकीने कुंपणाची खालची तार पायाने दाबून धरली, वरची हाताने उचलली आणि घारी वाकून पलीकडे गेली. मग घारीने तारा फाकवून धरल्या. मध्येच वाकलेल्या ठकीने पुन्हा एकदा खिशातला फोन काढून पाहिला.

"अगं, आधी इकडे ये. तारेत अडकून कुणाला फोन लावणार आहेस?"

"रेंजच नाही इथे."

"दोन हजार वर्षांपूर्वी इथे लढाई झाली तेव्हाही नव्हती. म्हणून तर राजाला निरोप वेळेवर पोचला नाही."

ठकी हसली नाही. घारी आणि ठकी ही शाळेतली नावं. आता घारी बँकेत होती आणि ठकी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची, पण एकमेकींना तीच नावं चिकटून राहिली होती. ठकीचा नवरा जहाजावर. वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरी ती आणि सासूबाई. झटका आल्यापासून सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली होती, जीभ तेवढी शाबूत होती. ठकी दुकानात गेली की वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू आपलं हातशिलाईचं काम घेऊन त्यांच्यापाशी येऊन बसत. बाकी सगळं ठकीवर.

आज सुट्टी असूनही दुकानात मालाची मोजणी आहे, असं तिने घरी सांगितलं होतं. धडधडीत खोटं. "जा गं, कामाला नाही कसं म्हणायचं," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिने बुटांची पिशवी पाठीमागे लपवली होती.

माळ लांबवर पसरला होता. लढाईची खूण म्हणून एक गवताने झाकलेला उंचवटा आणि त्यापुढे वाऱ्यापावसाने अक्षरं पुसट झालेला दगड, एवढंच उरलं होतं. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला मेंढपाळ आपण होऊनच बोलला.

"तुम्ही पळणाऱ्यांच्या वाटेने आलात. लढणारे तिकडून आले, नदीतून. या उताराला लागले, ते वाचले."

"म्हणजे शहाणे म्हणायचे," घारी म्हणाली.

"वाचले खरे. पण त्यांना घरात घेतलं नाही म्हणे कुणी."

मेंढपाळाने मेंढ्यांना हाक घातली आणि तो पुढे गेला. ठकी मात्र त्या उताराकडे बघत राहिली.

दुपारी नदीकाठी दोघींनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. पाण्यात पाय सोडले. घारी आपल्या साहेबाची नक्कल करू लागली आणि हसता हसता ठकीला ठसका लागला. मग गवतावर पाठ टेकली, ती कधी झोप लागली ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ठकी ताडकन उठून बसली.

"काय झालं?"

"आईंची आठवणसुद्धा झाली नाही मला. सकाळपासून सारखी येत होती, आणि मग... एकदाही नाही, घारे."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? माणूस तिथे कुशीवर वळायला दुसऱ्याची वाट बघतंय आणि मी इथे घोरतेय!"

घारीने तिचे मोजे उचलून तिच्या हातात दिले.

परतीची वाट ठकीने जवळजवळ पळतच कापली. टेकाडावर रेंज आली. एकही फोन येऊन गेलेला नव्हता. तेव्हा तर ती आणखीच भरभर चालू लागली. बसमध्ये ती काय सांगायचं, कसं सांगायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिली. शेवटी ठरलं. खरं सांगायचं आणि पाय धरायचे.

जिना चढून तिने दाराला किल्ली लावली आणि तिचा हात थबकला. आतून तिचाच आवाज येत होता.

"आई, गरम आहे हं, फुंकून घ्या. आई, पाय सांभाळून. आई, दमलात का?"

सासूबाई तिची नक्कल करत होत्या! सुरातली ती काळजीची ओढसुद्धा हुबेहूब. "अहो, दमलात का म्हणे! एकदा दमू तरी दे बाई मला!"

"पुरे हो," शिंपीणकाकूंना हसू आवरत नव्हतं. "सुई टोचेल मला."

"पोर जिवाचं रान करते, नाही म्हणत नाही. पण तिच्यासमोर सारखं आजारी दिसावं लागतं हो. नाहीतर तिला वाटतं, माझंच काही चुकलं."

ठकीने आवाज न करता किल्ली काढून घेतली. कान तापले होते. ती अर्धा जिना उतरली, पायरीवर बसली आणि बऱ्याच वेळाने तिने फोन लावला. वर घंटी वाजली. हसणं चटकन थांबलं.

"हॅलो..." आवाज खोल गेलेला, थकलेला.

"आई, मी बोलतेय. मोजणी अजून संपली नाही. तासभर तरी लागेल."

"असू दे गं. सावकाश ये. माझं काय, मी आपली पडलेय."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग वर आधी शिंपीणकाकूंना हसू फुटलं.