नळीचे उघडे तोंड

मित्रांनो, मी एक जुना वायपर आहे, आणि माझ्या मनात राग आहे. वय झाले की राग निवतो, असे म्हणतात. माझा निवला नाही. मी तो एरंडेल तेलात मुरवून ठेवला.

तुम्ही म्हणाल, काच पुसणारी काडी ती केवढी आणि तिचा तोरा केवढा! पण काड्या हे माझे नुसते हात. माझा जीव असतो काचेखाली, गाडीच्या आतल्या बाजूला. लोखंडाची एक चपटी डबी आणि तिच्यात चामड्याची कड लावलेला एक पंख. मला वीज लागत नाही. इंजिन श्वास आत ओढते, त्या ओढीवर मी चालतो. इंजिनापासून माझ्यापर्यंत एक रबरी नळी येते. तिच्यातून ओढ लागली की माझा पंख या कुशीवरून त्या कुशीवर वळतो आणि काच लख्ख होते. माझी खोड एकच. गाडी पळवायला कुणी पाय दाबला, की इंजिन आपल्या मोठ्या तोंडाने हवा घेऊ लागते आणि मला विसरते. मी थांबतो. पाय जरा उचलला, की लगेच कामाला लागतो.

ही खोड काकूंनी पहिल्याच पावसाळी फेरीत ओळखली. काकू कपडे शिवत. गाडी त्यांनी शिवणाच्या कमाईतून घेतली होती. मागच्या सीटवर तयार पोशाख आडवे निजवून त्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवत. सारा जन्म शिवणयंत्राच्या पायट्यावर गेलेला, त्यामुळे त्यांच्या पायाला दाबणेही ठाऊक होते आणि सोडणेही. चढावर पाऊस लागला, की जरा दाबायचे, जरा उचलायचे. पाय उचलताना त्या म्हणत, "पूस बाबा." मी पुसायचो. पावसाचे दिवस जवळ आले की मला खोलून माझ्या चामड्याला एरंडेल चोळायच्या आणि वर दटावायच्या, "औषध आहे. तोंड वाकडं करायचं नाही."

काय ते दिवस होते! काच पुसून निघाली की समोरचा रस्ता आपणच नवा केला, असे वाटायचे.

मग काकूंचा पुतण्या गाडी चालवू लागला. एका दुपारी रिमझिम पावसात तो घरासमोरचा चढ चढत होता. काकू शेजारी बसल्या होत्या. त्याने पाय दाबला तो दाबलाच. मी थांबलो. काच आंधळी झाली.

"अरे, पाय उचल. तो पुसेल."

"चढावर पाय उचलू? काकू, ही गाडी आहे, तुमचं शिवणयंत्र नव्हे!"

हसता हसता त्याने गाडी फाटकाच्या खांबाला घातली.

आणि घरात जाऊन काय सांगितले? "काकूंनी खांबाला घातली. त्यांना आता दिसत नाही." काकू बोलायला गेल्या, पण सगळे त्यांच्या जाड चष्म्याकडे पाहत होते. त्यांच्या काळजीपोटी म्हणून किल्ली काढून घेतली गेली. किल्ली गेली, आणि त्या दिवसापासून काकूंना कुठेही जायचे तर कुणाची तरी विनवणी करावी लागू लागली.

मित्रांनो, राग तिथे जन्मला.

काकूंवर आळ घालून झाल्यावर पुतण्याने मलाही दोषी ठरवले. एका सुट्टीच्या दिवशी डॅशबोर्डखाली शिरून त्याने मला उपटले आणि विजेवर चालणारी नवी मोटर बसवली. काकू दारातून म्हणाल्या, "नळीचं तोंड बंद कर रे. उघडी राहिली तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढत बसेल."

"काकू, तुम्ही काजं-बटणं बघा."

काकूंनी मला कचऱ्यातून उचलले, बटणांच्या डब्यात ठेवले आणि शिवणाच्या टेबलावर आणले. दुसऱ्या दिवशी बाहेर गाडी सुरू झाली, फुरफुरली, खोकली आणि बंद पडली. काकूंनी दोरा दातांनी तोडला. मला म्हणाल्या, "ऐकलंस?"

मी ऐकले. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

गाडी पळताना ठीक असे. थांबली, की मान टाकत असे. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. बॉनेट उघडले, तर नळी जागच्या जागी! तिचे उघडे तोंड आत, डॅशबोर्डखाली, फुसफुसत होते. मेकॅनिक विचारी, "कुणी काही काढलंय का यातलं?" आणि पुतण्या छाती फुगवून सांगे, "छे! कंपनीतून आली तशी आहे." कारण जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत त्याला 'अस्सल गाडी' म्हणून बक्षीस हवे होते.

मिरवणुकीच्या दिवशी त्याने काकूंना मागे बसवले, शोभेला. मी त्यांच्या पिशवीत होतो. परीक्षकांच्या मंडपासमोर गाडी थांबवायची होती. थांबली, आणि मान टाकली. मागून हॉर्न सुरू झाले. माईकवाले गृहस्थ खिडकीशी आले. "काय झालं साहेब?"

"काकू, उतरा. ढकलावी लागेल."

"मी का उतरू? तू उतर. किल्ली इकडे दे."

"तुम्हाला... काकू, आत्ता चेष्टा नको!"

"चालू करून देते. आधी सांग, खांबाला गाडी कुणी घातली?"

मंडपात सगळे घर बसले होते. हॉर्न थांबेनात. पुतण्याने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला. "मी."

"हॉर्नात ऐकू येत नाही."

"मी घातली, काकू! मी!"

माईकवाल्यांचा माईक खिडकीतच होता. ते वाक्य साऱ्या मैदानभर घुमले.

काकू पुढे येऊन बसल्या. सुई टोचू नये म्हणून बोटात कायम असलेले अंगुस्तान काढून त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि ते नळीच्या तोंडावर टोपीसारखे चढवले. किल्ली फिरवली. इंजिनाने अंगुस्तान घट्ट ओढून घेतले आणि ते शांतपणे घुरघुरू लागले. काकूंनी गाडी मंडपासमोरून नेली. पुतण्या मागून चालत आला.

बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांना नवी मोटर दिसली होती.

पुढच्या सुट्टीत पुतण्याने काकूंच्या देखरेखीखाली मला परत बसवले. पाठीवर पडून, डोळ्यांत धूळ घेत. स्क्रू त्याच्या हातून दोनदा निसटला. काकूंनी दोन्ही वेळा "काजं-बटणं जमतात का बघ" म्हटले.

पाऊस आला तेव्हा काकूंनी त्याला शेजारी बसवले आणि गाडी मोकळ्या रस्त्यावरच्या रुंद चढाला लावली. पाय दाबला. मी थांबलो. काच आंधळी झाली. काकूंनी पाय हलवला नाही. मीही हललो नाही.

"काकू! काकू, पाय उचला!"

"चढावर?" काकू म्हणाल्या. "मागे नाही का येणार गाडी?"

"उचला हो, पाया पडतो!"

मग त्यांनी पाय उचलला. "पूस बाबा," म्हणाल्या. मी पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी सांगणार नाही. तसे सगळेच सांगतात आणि कुणी ऐकत नाही. मला काढायचेच असेल तर खुशाल काढा. पण काढण्याआधी आमची खोड जिला माहीत आहे, तिला विचारा. आणि तिने सांगितले, तर नळीचे तोंड बंद करा. नाही केलेत, तर मी डब्यात पडून असेन, बटणांच्या शेजारी. मला घाई नाही.