अडकलेला दाब

तळोज्याच्या त्या वर्कशॉपमध्ये जुन्या तेलविहिरींच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह दुरुस्तीला येत. विहिरीत प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडला, की आटत आलेलं तेल पुन्हा वाहू लागतं. पण तो दाब जुन्या लोखंडाला सोसेल का, हे आधी तपासावं लागतं. रोडपालीचा जीवन घरत हेच काम करायचा.

त्या दुपारी एका व्हॉल्व्हची पाण्याच्या दाबाने चाचणी झाली. दाब दाखवणारं गेज शून्यावर आलं, तेव्हा सुपरवायझर नीता म्हात्रेने जीवनला चाचणीच्या खड्ड्यात उतरू दिलं. खड्डा अरुंद, वर जड लोखंडी जाळी. व्हॉल्व्हच्या पोटात दाब उरला असेल तर तो काढायला पुढे एक ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोटी, असतं. जीवनने त्यात दाब सोडायचा खास पाना दाबून पाहिला. काहीच आलं नाही. तो पाना पायरीवर ठेवून तो व्हॉल्व्हमागे, भिंतीला पाठ लावून बसला आणि हात पुढे घालून साध्या पान्याने झाकणाचे नट सैल करू लागला.

तिसरा नट फिरला आणि झाकणाच्या फटीतून पाण्याची केसाएवढी धार सुटली. पायऱ्यांशेजारच्या भिंतीचा रंग त्या धारेने खरवडून काढला.

गेजने फक्त बाहेरच्या नळीतला दाब दाखवला होता; व्हॉल्व्हच्या पोटात दाब अजून होता. वाळलेल्या ग्रीसने निपल बुजलं होतं.

"जीवनदादा, हलू नका!" वरून नीता ओरडली. "पहिलं बाहेर या... नको, थांबा."

"बाहेर कसा येऊ? वाट झाकनासमोरूनच हाय."

"जाळी काढते. क्रेन बोलावते."

"नको! जरा हादरा बसला तर झाकन उडंल."

पाय दुमडलेले, गुडघे व्हॉल्व्हला टेकलेले. मांडीत गोळा आला, तरी त्याने पाय हलवला नाही. तो श्वाससुद्धा अर्धाच घेत होता. वर माणसं जमली, नीताने सगळ्यांना मागे हाकललं.

"मागे खाली अजून एक निपल असेल. चाचपा."

रंगाच्या थराखाली ते बोटांना लागलं. त्याने नखाने रंग खरवडला. नीताने दाब सोडायचा दुसरा पाना सुतळीला बांधून जाळीतून खाली सोडला. तो हेलकावत व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर आला, तेव्हा जीवनने डोळे मिटून घेतले. मग हात वर करून पाना धरला आणि हळूच निपलमध्ये दाबला.

फुस्स करून ग्रीस, पाणी आणि हवा त्याच्या पोटरीवर उडाली. बराच वेळ येत राहिली. मग थांबली. झाकणाच्या फटीतली धारही थांबली.

"झालं. या आता," नीता म्हणाली.

तो उठला नाही. "या ना दादा!" तिने पुन्हा हाक मारली.

"येतो. पाय माझे हायेत का बघतो."

शेवटी नीता स्वतः खाली उतरली आणि काखेत हात घालून तिने त्याला वर आणलं. तो व्हॉल्व्ह तिने भंगारात काढला. वर्कशॉपचे मालक फोनवर चिडले, तिने ऐकून घेतलं.

संध्याकाळी जीवन घरी अंघोळीला गेला. बायकोने, मैनाने, हाक मारली, "दार लावा की, पानी बाहेर येतंय."

"राहू दे," तो आतून म्हणाला. "उघडंच राहू दे."